नाथसागरावर पहिली बोट घेताना

दादा, मासेमारी आणि लेकरांना फिरवणं एकाच बोटीत हवं, तर आधी पाणी बघा. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, त्याचं पाणी पसरट, पण बऱ्याच ठिकाणी उथळ. उन्हाळ्यात ते मागं सरकलं की बुडालेली बाभळीची खोडं बोटीच्या तळाला लागतात. माझ्या बोटीच्या इंजिनाच्या पंख्याचं एक पातं अशाच खोडावर मोडलं, तेव्हा वल्हं मारत काठ गाठला. म्हणून इंजिन मागं टांगलेलं, वर उचलता येणारं घ्या. फोर-स्ट्रोक प्रकारचं इंजिन असेल तर आवाजही कमी.

सुरुवातीला 15-16 फुटी फायबरची बोट पुरे. तळ अगदी सपाट नको, दुपारी वारा सुटला की लाटा धाडधाड आपटतात. काठ मात्र उंच हवा, लेकरू वाकलं तरी जीव खालीवर होत नाही.

नवीन माणूस इथं चुकतो:
- बोटीच्या पाटीवर लिहिलंय त्याहून जास्त हॉर्सपॉवरचं इंजिन बसवतो.
- माणसं मोजतो. पेट्रोल, बर्फाची पेटी, पाण्याचा कॅन यांचं वजन विसरतो.
- छत घेत नाही. घडीचं घ्या, गळ टाकताना मागं पाडता येतं.

लेकरांना त्यांच्याच मापाची लाइफ जॅकेटं. आणि हे पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा बयाणा देण्याआधी वनखात्यात आणि धरणाच्या कार्यालयात परवानगीचं विचारून या.