शंका आल्या म्हणजे विश्वास कमी पडला का?

"मॅडम, जायचं ठरलंय, पैसेही जमलेत आणि आता रात्री झोप लागत नाही. मनात शंका येतात म्हणजे माझा विश्वासच कमी आहे का?"

दोन-तीन आठवड्यांच्या मिशन ट्रिपवर, म्हणजे ख्रिस्ती सेवाकार्याच्या छोट्या दौऱ्यावर, परदेशी निघालेल्या तरुणांकडून हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी ठाणे शहरात बऱ्याचदा ऐकला आहे. शब्द बदलतात, रोख तोच असतो. इथे सांगते आहे ती त्यांतल्या एका मुलीची गोष्ट. तिची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पंचविशीचं. मूळ घर नगर जिल्ह्यातलं, वाढली ऐरोलीत. महाप्याच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. शाळेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी संडे स्कूलच्या मुलांना शिकवते. एका ग्रुपबरोबर ती कंबोडियाला निघाली होती. खर्च सव्वा लाखाच्या घरात. निम्मे पैसे तिने पगारातून साठवले, निम्मे मंडळीतून जमले. त्यात आत्याने पेन्शनमधून काढून दिलेले दहा हजार होते. पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, उपासनेत सगळ्यांसमोर पुढे बोलावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. फोटो निघाले, स्टेटसला लागले. आणि त्यानंतर पोटात गोळा येणं, पहाटे तीनला जाग येणं सुरू झालं.

ग्रुपमधल्या एका ताईंना तिने हे सांगितलं. उत्तर आलं, "सेवेला निघालं की सैतान हल्ला करतोच. प्रार्थना वाढव." तिने वाढवली. उपासही केला. शंका जागच्या जागी राहिल्या, वर आपल्यालाच काहीतरी कमी आहे असं वाटायला लागलं.

मी ख्रिस्ती नाही. कुणाला पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे आणि कुणाला नाही, हे ठरवायचा मला अधिकार नाही. आणि "हा सगळा चर्चचा दबाव आहे, जाऊ नकोस" असं सांगून मोकळं व्हायचाही नाही. तसं सांगणारे आमच्या व्यवसायात आहेत. त्यांच्याकडून उठून आलेली माणसं पुन्हा कुणाशी बोलायला तयार होत नाहीत. या मुलीची श्रद्धा बाजूला ठेवून तिच्याशी बोलणं म्हणजे तिला बाहेर बसवून रिकाम्या खुर्चीशी बोलणं झालं असतं. म्हणून पाचारणाला मी हात लावला नाही. एवढंच विचारलं, "तिथे पोचल्यावर मंगळवारी सकाळी नऊ वाजता तू नेमकं काय करत असशील?"

तिने फोनमधली कार्यक्रमपत्रिका काढली. सकाळी बालगृहात मुलांबरोबर गाणी, खेळ, इंग्रजी. दुपारी घरभेटी आणि पत्रकं वाटणं. एक दिवस भेटवस्तू. शेवटी एक दिवस अंगकोर वाट. मंगळवारच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मुलांसोबत वेळ'.

"हे त्यांनी मागितलंय का? त्या बालगृहाने?"

तिला माहीत नव्हतं.

मी तिला एक साधं काम दिलं. आठवडाभर जेव्हा जेव्हा पोटात गोळा येईल, तेव्हा वहीत एक ओळ लिहायची: किती वाजले आणि नेमकं काय डोक्यात होतं. 'भीती वाटली' असं लिहायचं नाही, कशाची ते लिहायचं. नुसती घबराट असेल तर ती कशालाही चिकटते; विमान, जेवण, झुरळं, भाषा, आजारपण, सगळ्याला. तिच्या वहीत विमानाबद्दल एक ओळ होती, खाण्याबद्दल एकही नव्हती. बाकी सगळं तीनच गोष्टींभोवती फिरत होतं. एक, लीडरने बैठकीत सांगितलं होतं, "आपण पर्यटक व्हिसावर चाललोय. विमानतळावर कुणी विचारलं तर फिरायला आलोय म्हणायचं." दोन, मागच्या टीमच्या व्हिडिओतलं एक मूल. तीन, आत्याचे दहा हजार.

वही पाहून मी तिला म्हटलं, सैतानाचं मला कळत नाही, पण खोटं बोलायला लागेल म्हणून ज्याची झोप उडते त्याचा विश्वास कमी आहे, असं मी तरी म्हणणार नाही.

व्हिसाचं आधी सांगते, कारण ते लवकर संपतं. पर्यटक व्हिसावर जाऊन शिकवणं किंवा काम करणं अनेक देशांना चालत नाही, मग पगार मिळो न मिळो. कंबोडियात कामासाठी वेगळ्या वर्गाचा व्हिसा असतो. शिवाय बौद्ध धर्म तिथला राजधर्म आहे. दारोदार जाऊन ख्रिस्ती प्रचार करायला तिथल्या धर्म मंत्रालयाने २००७मध्ये बंदी घातली. चर्चच्या आवाराबाहेर धार्मिक पत्रकं वाटायला आणि पैसा किंवा वस्तू देऊन धर्मांतराकडे वळवायलाही मनाई आहे. म्हणजे पत्रिकेतली दुपार सगळीच अडचणीची होती. यात छळ वगैरे काही नाही. तिथे रीतसर चर्च आहेत, त्यांच्या उपासना होतात. पाहुण्याने आधी घरमालकाचे नियम विचारावेत, इतकंच. नेपाळला निघालेल्या मुलांना तर मी हे जास्त जोर देऊन सांगते, कारण तिथे २०१७च्या दंडसंहितेनुसार धर्मांतर घडवून आणल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर त्याला देशाबाहेर काढतात.

व्हिडिओतल्या मुलावर आम्ही जास्त वेळ बोललो. चारेक वर्षांची मुलगी गाडीतून उतरलेल्या अनोळखी माणसाकडे धावत येते आणि थेट कडेवर चढते. सगळ्या ग्रुपला ते पाहून भरून आलं होतं. "किती पटकन माया लावतात ना ही मुलं!" असं खाली लिहिलेलं होतं. हिलाही भरून आलं होतं, पण काहीतरी टोचतही होतं आणि काय ते सांगता येत नव्हतं.

टोचावं असंच ते आहे. घरात वाढणारं चार वर्षांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड जातं. आधी अंदाज घेतं, मग येतं. कुणाच्याही कडेवर लगेच चढणारं मूल प्रेमळ असतं यात वाद नाही, पण आपलं माणूस कोण आणि परकं कोण ही सीमाच त्याच्यात नीट तयार झालेली नसते. संस्थेत वाढणाऱ्या मुलांत हे वारंवार दिसतं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, तेव्हापासून आम्ही हे शिकत आलो आहोत: लहान मुलाला टिकणारं, रोज दिसणारं एक माणूस लागतं. दर पंधरवड्याला नवे ताई-दादा येणार, जीव लावणार, रडत निरोप घेणार आणि पुन्हा दिसणार नाहीत, हे त्या मुलाला मिळणारं प्रेम नाही. त्याच्या वाट्याला आलेला तो आणखी एक विरह आहे.

कंबोडियाबाबत आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या बालगृहांत राहणाऱ्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांचे आई किंवा वडील हयात असल्याचं पाहणीत आढळलं होतं. गरिबीमुळे, शाळा मिळेल म्हणून आईवडील मुलांना तिथे ठेवतात. पाहुण्यांचे पैसे येतात म्हणून अशी गृहं वाढली, विशेषतः पर्यटक जिथे जातात तिथे. २०१८मध्ये ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा देणगीसाठी मुलांना अनाथ दाखवण्याच्या या व्यवहाराची तिथल्या संसदेत चर्चा झाली होती. तिचं बालगृह त्यांतलंच होतं असं मी म्हणत नाही. पण विचारायला हवं होतं, आणि ग्रुपमध्ये कुणी विचारलं नव्हतं.

यानंतर तिचे आईवडील आले. विरोध त्यांचाच होता, आणि मुलीच्या मते तो "नुसता घाबरटपणा" होता. आईचं म्हणणं, सेवाच करायची तर गावाकडे काय कमी गरज आहे? (हा मुद्दा मी नेहमी ऐकते. तो मांडणारं माणूस स्वतः गावाकडे सेवेला निघालंय असं मात्र अजून पाहायचंय.) शिवाय स्थळं बघणं चालू होतं. वडिलांची भीती वेगळी होती. नोकरीच्या आमिषाने कंबोडिया, म्यानमारला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलेल्या भारतीय तरुणांच्या बातम्या त्यांनी कापून ठेवल्या होत्या, परराष्ट्र मंत्रालयाच्या इशाऱ्यासकट. "मंडळीत टाळ्या सगळे वाजवतील. काही झालं तर पोलीस स्टेशनला मला एकट्यालाच जावं लागेल."

ही भीती निराधार नव्हती, आणि तिला उत्तरं होती. परतीचं तिकीट स्वतःच्या हातात. पासपोर्ट कुणाकडे द्यायचा नाही. उतरायचा पत्ता आणि तिथल्या यजमानाचा नंबर घरी, नोम पेन्हच्या भारतीय दूतावासाचा नंबरही घरी. हे सगळं लिहून घेतल्यावर त्यांचा चेहरा जरा निवळला, पण उठेनात. मग त्यांनी जे सांगितलं ते मुलीने कधीच ऐकलं नव्हतं.

ते स्वतः मिशनच्या बोर्डिंगात वाढले. आईवडील गावी होते, शेतमजूर. शाळेसाठी पाठवलं होतं, सुट्टीला घरी जायचे. "पाहुणे यायचे म्हणून त्या दिवशी लवकर आंघोळ. स्वच्छ कपडे. ओळीत उभं राहून गाणं म्हणायचं. गोळ्या मिळायच्या, त्या चांगल्या होत्या. एक बाई मला रोज शेजारी बसवायची. जाताना म्हणाली, पत्र लिहीन. एका नाताळाला कार्ड आलं. मी पुढची तीन वर्षं पोस्टमन आला की बघायचो."

कडवटपणा अजिबात नव्हता. बोर्डिंग नसतं तर मी शिकलोच नसतो, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. पण मुलगी त्या बाईच्या जागी जाणार, हे त्यांना सहन होत नव्हतं आणि घरी ते सांगता येत नव्हतं. घरी ते "जायचं नाही म्हणजे नाही" एवढंच बोलत होते. विरोध करणाऱ्या आईबापांच्या पोटात असं काहीतरी बऱ्याचदा असतं. म्हणून मी तरुण मुलांना सांगते, परवानगी मागण्याआधी एकदा विचारा, तुम्हाला नेमकं काय आठवतंय?

उरला पैसा. तिच्यासाठी सगळ्यांत अवघड हेच होतं. व्हिसाची आणि मुलांची गोष्ट कळल्यावर 'या टीमबरोबर जायचं नाही' इथवर ती स्वतःच आली होती, पण मंडळीला तोंड कसं दाखवायचं? टाळ्या वाजल्यात, प्रार्थना झालीय. आता माघार म्हणजे देवाला दिलेला शब्द मोडणं, असं तिला वाटत होतं.

इथे एक अभ्यास मी तिला सांगितला. १९९८मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरासमध्ये हजारो घरं पाडली. घरं बांधायला उत्तर अमेरिकेतून छोट्या मुदतीच्या चर्च टीम गेल्या. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने नंतर हिशेब मांडला. विमान-राहण्यासकट एका टीमचा खर्च तीस हजार डॉलरच्या आसपास, आणि तसंच घर स्थानिक संस्था दोन हजारांत बांधत होती. घर मिळालेल्यांना कुणी बांधलं याने फारसा फरक पडला नव्हता. गेलेल्यांचं आयुष्य बदललं म्हणावं, तर त्यांच्या पुढच्या देणग्यांतही मोठा बदल दिसला नाही. अकाउंट्सवाली मुलगी, आकडे तिला लगेच भिडले. मी पुढे काही बोलले नाही.

पाळकसाहेबांना भेटायला ती एकटी गेली. आधी त्यांनी मिरजेचा दाखला दिला: बाहेरून मिशनरी डॉ. वानलेस आले नसते तर तिथे एवढा दवाखाना उभा राहिला असता का? दाखला खराच आहे. पण वानलेस १८८९मध्ये आले ते जवळजवळ चाळीस वर्षं राहिले. हे तिने त्यांना सांगितलं का ते मला माहीत नाही. व्हिसाचं मात्र सांगितलं. ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तू विमानतळावर खोटं बोलावंस म्हणून मी डोक्यावर हात ठेवला नव्हता." पुढच्या रविवारी त्यांनीच उभं राहून सांगितलं की ही टीम आता आपली नाही. ज्यांनी पैसे दिले त्यांना तिने एकेकाला फोन केला. ग्रुपकडे भरलेली आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळाली नाही, ती तूट तिने स्वतःच्या पगारातून भरली. आत्याने पैसे परत घ्यायला साफ नकार दिला: "ठेव. नीट जागा मिळाली की जा."

मी अशा ट्रिपच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. घणसोलीचा एक इलेक्ट्रिशियन माझ्याकडे याच झोपेच्या तक्रारीने आला होता. आफ्रिकेतल्या एका मिशन हॉस्पिटलचं वायरिंग जुनं झालं होतं, त्यांनी स्वतःहून माणूस मागितला होता, व्हिसा कामाचा होता, काम दोन आठवड्यांचं. त्याच्या वहीत विमान, मलेरिया, बायकोचं बाळंतपण आणि विमानच निघालं. त्याला मी सांगितलं, डॉक्टरांकडून मलेरियाच्या गोळ्या घे, पीतज्वराची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घे आणि तारीख बाळंतपणाच्या पुढे ढकल. तो गेला, काम करून आला. तिथल्या मुलांना भेटलास का, असं मंडळीत कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, मी बहुतेक वेळ छतावर होतो.

या मुलीने पुढे दुसऱ्या एका संस्थेला पत्र लिहिलं आहे. या वेळी प्रश्न आधी पाठवले: काम कुणी मागितलं, मुलांशी संबंध येतो का, व्हिसा कुठला, आम्ही गेलो नाही तर ते काम कोण करेल. उत्तरं आली की वडीलही वाचणार आहेत, तसं ठरलंय. झोप लागते. आईच्या स्थळांचा विषय मात्र तसाच आहे, आणि त्यासाठी आता आई वेगळी वेळ घेऊन येते.