सात डिसेंबरचा ध्वज: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सशस्त्र सेना ध्वजदिनासाठी आमचं महिला मंडळ निधी गोळा करणार आहे. हे पैसे जातात कुठे आणि आयकरात सूट मिळते का, असं लोक विचारतात. काय सांगावं?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: १९४९पासून ७ डिसेंबरला हा दिवस पाळला जातो. छातीवर लावायच्या ध्वजात लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे तीन रंग असतात, तिन्ही सेनादलांचे. त्याऐवजी तिरंग्याचे बिल्ले वाटू नका. ध्वज स्वतः छापून घेऊ नका, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मागवा. किती हवेत आणि हिशोब कोण देणार, हे नोव्हेंबरातच लेखी कळवा.

या निधीतून माजी सैनिक, वीरनारी (वीरमरण आलेल्या जवानांच्या पत्नी) आणि त्यांच्या मुलांना मदत मिळते. नोव्हेंबर २०२५पासून रकमा दुप्पट झाल्या आहेत. ज्यांना पेन्शन नाही अशा ६५ वर्षांवरील गरजू माजी सैनिकाला किंवा अशा सैनिकाच्या विधवा पत्नीला महिना ८,००० रुपये मिळतात. हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या माजी सैनिकाच्या दोन मुलांपर्यंत शिक्षणासाठी प्रत्येकी महिना २,००० रुपये. नियमित पेन्शन न मिळणारे लोक आपल्याच आसपास आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून दारोदार फिरताना शौर्याच्या गोष्टींपेक्षा हेच आकडे सांगा.

करसवलत फक्त जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना; रोख दिलं तर ती २,००० रुपयांपर्यंतच्या रकमेलाच. मोठी रक्कम देणाऱ्याने ऑनलाइन किंवा चेकने थेट निधीच्या खात्यात भरावी. मंडळाच्या खात्यातून एकत्र रक्कम गेली, तर पावती मंडळाच्या नावाने निघते आणि देणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. गोंधळ नेमका इथेच होतो.

प्रश्न: त्याच कार्यक्रमात महूच्या काही निवृत्त अधिकाऱ्यांचा आणि एका वीरमातेचा सत्कार आहे. पदकं आणि नावं याबद्दल काय सांभाळावं?
– एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर: हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. म्हणून पत्रिकेत आधी हुद्दा, मग नाव आणि शेवटी कंसात ‘निवृत्त’. सुभेदार, हवालदार यांचाही हुद्दा छापा. फक्त ‘श्री’ लिहून त्यांना खाली बसवू नका. मानद कॅप्टन असतील तर तसंच लिहा.

स्वतःची पदकं डाव्या छातीवर. दिवंगत मुलाची किंवा पतीची पदकं आप्तांनी उजवीकडे लावायची; युद्धस्मारकावरच्या श्रद्धांजलीला आणि अंत्यविधीला लष्कराने ही परवानगी दिली आहे. तुमचा सत्कार सभागृहात आहे, तेव्हा वीरमातेला आग्रह न करता त्यांनाच विचारा. सूत्रसंचालकाला एवढं पाठ असू द्या: परमवीर, महावीर आणि वीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी, अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र इतर प्रसंगीच्या शौर्यासाठी. सेना मेडल आणि सैन्य सेवा मेडल ही दोन वेगळी पदकं. पहिलं शौर्यासाठी किंवा विशेष कामगिरीसाठी, दुसरं ठरावीक कठीण भागांतल्या सेवेसाठी. प्रत्येक पदकाला ‘शौर्यपदक’ म्हटलं की समोर बसलेल्या जवानांनाच अवघडल्यासारखं होतं.

प्रश्न: शेजारच्या वीरनारी काकूंचा मदतीचा अर्ज परत आला. का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: बहुतेक वेळा नावापायी. आपल्याकडे सासरी नाव बदलतं. पलटणीच्या नोंदीत एक, आधारवर दुसरं. आधार बदलून काम होत नाही. पतीच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे विवाहाचा पुरावा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र पाठवून नोंद दुरुस्त करून घ्या; मराठा लाइट इन्फन्ट्रीचं हे काम बेळगावला चालतं. पत्रावर पतीचा आर्मी नंबर, हुद्दा आणि पलटण ठळक लिहा. नंबर नसेल तर डिस्चार्ज बुकच्या पहिल्या पानांवर मिळेल. दुरुस्तीचं पत्र आल्यावर मगच नवा अर्ज भरा.