प्रशिक्षण क्षेत्रातील पहिल्या परिषदेला जाताना

प्रशिक्षण विभागात नुकतेच रुजू होऊन तुम्ही परिषदेला जाण्याचे ठरवत आहात, याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र सुरुवात राष्ट्रीय अधिवेशनाने करू नका. १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट’ या प्रशिक्षण क्षेत्रातील व्यावसायिकांच्या संस्थेच्या शाखा मुंबई-पुण्यात आहेत, अशा शाखेच्या छोट्या कार्यक्रमात नवख्या माणसालाही मोकळेपणाने बोलता येते.

जाताना आपल्या कामातला एकच नेमका प्रश्न लिहून न्या. ‘संवादकौशल्य कसे वाढवावे’ असा मोघम प्रश्न नको. ‘सुरक्षेचे प्रशिक्षण घेऊनही पॅकिंग विभागातले कंत्राटी कामगार यंत्राचे गार्ड काढून काम करतात, तेव्हा दोष प्रशिक्षणाचा की उत्पादनाच्या उद्दिष्टाचा?’ असे विचारलेत, तर अनुभवी माणूस हातातला चहा बाजूला ठेवून तुमच्याशी बोलू लागेल.

नवे लोक सहसा या चुका करतात:

- प्रत्येक सत्राला धावणे. दिवसाला दोन सत्रे पुरेत.
- सॉफ्टवेअर विक्रेत्यांच्या दालनात भुलून तिथेच खरेदीचा शब्द देणे.
- प्रशिक्षणार्थींचा उत्तम अभिप्राय म्हणजे यश, असे मानणे. अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रतिक्रिया, आकलन, वर्तन आणि परिणाम अशी मूल्यमापनाची चौकट मांडली. वक्ता केवळ प्रतिक्रियांचे आकडे दाखवत असेल, तर कामाच्या जागी वर्तन काय बदलले, हे नम्रपणे पण अवश्य विचारा.

प्रशिक्षणावरील खर्चातून कंपनीला किती फायदा झाला, ही गुंतवणुकीवरील परताव्याची गणिते सध्या बाजूला ठेवा. परत आल्यावर आठवडाभरात तिथे भेटलेल्या एखाद्या व्यक्तीला फोन करून तिचा कारखाना पाहण्याची परवानगी मागा.