जंगलातले माहितीफलक कोणी वाचत नाही. अभ्यास करून खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की एका अभयारण्याच्या माहिती केंद्रात तुम्ही नवीन लागलात, फलक भरपूर आहेत, पण पर्यटक वाघाच्या चित्रासमोर फोटो काढून निघून जातात. लोक काय बघतात, काय लक्षात ठेवतात याच्या अभ्यासाने फरक पडतो, हे मी स्वतः पाहिलंय. त्यासाठी मोठा प्रकल्प लागतोच असं नाही. एक वही आणि भरपूर धीर लागतो.

मी ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या गावचा, गाईडचं काम करतो. सुरुवातीला जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी गाडी, गेटातून आत शिरली की माझी टकळी सुरू व्हायची. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, अंधारी अभयारण्य १९८६ चं, सगळं पाठ. मागच्या सीटवरचे लोक मान डोलवायचे आणि मला वाटायचं, पोचलं. मग एका उन्हाळ्यात मी सफारी संपल्यावर गेटवर एकच प्रश्न विचारायला लागलो, "घरी गेल्यावर या जंगलाबद्दल काय सांगाल?" उत्तर त्यांच्याच शब्दांत डायरीत उतरवायचं, सुधारायचं नाही.

१९५५ एकानेही सांगितलं नाही. वाघ दिसला असेल तर वाघ, हे ओघानेच आलं. पण वाघ न दिसलेले लोक काय सांगत होते, त्यातून मी शिकलो. परमिट तपासेपर्यंत गाड्या थांबतात तिथे एक ऐनाचं झाड आहे. त्याची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल मी लोकांना हाताने चाचपायला लावायचो आणि म्हणायचो, खालून वणवा गेला तर हीच जाड साल झाडाला सांभाळते. ते त्यांना आठवायचं. दुसरी आठवायची माझ्या आईची गोष्ट. मार्च-एप्रिलमध्ये ती अंधारातच मोहफुलं वेचायला निघते, आणि तीच फुलं अस्वलालाही आवडतात. म्हणून बाया एकट्या जात नाहीत, मोठ्याने बोलत जातात. मी हे सहज बोलता बोलता सांगायचो. लोक घरी नेत होते ते हेच. निसर्ग आणि वारसा लोकांना कसा उलगडून सांगावा यावर लिहिणारे अमेरिकन लेखक फ्रीमन टिल्डेन यांनी १९५७ सालीच लिहिलंय की नुसती माहिती म्हणजे उलगडा नव्हे. मला ते डायरीने शिकवलं.

तुमच्या फलकांसाठी आधी नुसतं बघा. थोडं दूर, कडेला बसा. कोण थांबतं, किती वेळ, कोणत्या ओळीवर बोट ठेवतं, कोणतं पोर आईला ओढून परत आणतं, ते लिहा. "फलक आवडला का?" असं विचारू नका. खाकीतल्या माणसाला तोंडावर "नाही" कोण म्हणेल? मग एकाच फलकात एकच बदल करा आणि पुन्हा बघा. रविवारची गर्दी आणि बुधवारची गर्दी सारखी नसते, मे आणि डिसेंबरही सारखे नसतात. म्हणून तुलना सारख्याच दिवसांची करा, नाहीतर फरक फलकामुळे पडला की माणसांमुळे, हे कळणार नाही.

शब्दांनी केवढा फरक पडतो, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. ॲरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये लोक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे उचलून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी खुणा केलेले तुकडे वाटेवर ठेवले आणि फलक बदलून पाहिले. 'आधीच्या पुष्कळ लोकांनी तुकडे नेल्यामुळे जंगलाचं रूप बदललं' असा फलक होता तेव्हा जवळपास ८ टक्के तुकडे गेले. 'कृपया तुकडे उचलू नका' असं साधं सांगितलं तेव्हा २ टक्क्यांहून कमी. सगळेच नेतात म्हटलं की माणसाला वाटतं, मग मी नेला तर काय? हे वाचल्यापासून प्लास्टिकच्या ढिगाचं चित्र असलेले फलक मला खटकतात. मी जिप्सीत आता एवढंच म्हणतो, "बाटली परत आपल्याच पिशवीत ठेवा."

लोकांपर्यंत काय पोचतं हे तपासता, तसं आपण सांगतो ते खरं का, हेही तपासा. मोहर्लीकडून ताडोबाला जाताना रस्त्याकडेला गोंडकालीन दगडी खांब लागतात. त्यांतून दोर ओवून राजापर्यंत निरोप पोचवायचे, अशी गोष्ट आमच्याकडे सांगतात. सुंदर गोष्ट आहे, मीही सांगतो, पण 'असं सांगतात' हे दोन शब्द सोडत नाही.

आणि फलक लिहिताना गावातल्या जाणत्या माणसांजवळ बसा. मी एका फलकाचा मसुदा आमच्या आजोबांना वाचून दाखवला होता. 'अस्वलाचे प्रमुख खाद्य कीटक' ऐकून ते म्हणाले, "कीटक काहून लिहिलं बापा? ते वारूळ फोडून उधई खाते." उधई म्हणजे वाळवी, आणि फलकाच्या शेजारीच वारूळ होतं. ओळ बदलली, आणि लोक फलक सोडून वारुळाकडे वळून बघायला लागले.

सगळे फलक एकदम हाती घेऊ नका. सगळ्यात जास्त लोक ज्याच्यापुढून न थांबता जातात, तो एक निवडा. त्याचा मजकूर इथे टाका, मी वाचून सांगतो.