वाचकांचे प्रश्न : महापालिकेच्या आढाव्यात काय पाहावे?

प्रश्न : महापालिकेच्या सभेत सर्व खात्यांच्या कामांचा आढावा घेतला गेल्याचे वाचले. बातमीत 'कामे प्रगतिपथावर' आणि 'अधिकाऱ्यांना सूचना' यापलीकडे फारसे काही नव्हते. करदात्याने अशा आढाव्यात नेमके काय पाहावे? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आढाव्याचे टिपण हाती आल्यास 'प्रगतिपथावर' हा शब्द जिथे असेल तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि त्या कामापुढे कार्यादेशाची तारीख, पूर्णत्वाची मुदत व आजवर अदा झालेल्या बिलाची रक्कम दिली आहे का, हे पाहावे. या तिन्ही बाबी नसतील, तर सभेपुढे आले ते केवळ निवेदन होते असे समजावे.

सोलापुरात आढाव्याची सुरुवात पाण्यापासूनच करावी लागते. शहराला उजनी धरणातून सुमारे 110 किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने पाणी येते, भीमेवरील औज बंधाऱ्याच्या साठ्यातून टाकळी येथे उपसा होतो आणि 1871 साली बांधलेल्या एकरुख, म्हणजे आपल्या हिप्परगा तलावाचाही आधार असतो. यांतली नदीची वाट सर्वांत खर्चिक आहे. औज बंधारा भरण्यासाठी उजनीतून नदीपात्रात पाणी सोडावे लागते. ते पात्रात जिरते, उन्हाने उडते, वाटेत उपसले जाते आणि शहरासाठी म्हणून सोडलेल्या पाण्यातील थोडाच वाटा शहरापर्यंत पोहोचतो. दररोज 17 कोटी लिटर क्षमतेच्या समांतर जलवाहिनीचा आग्रह धरला गेला, तो याच कारणाने.

मात्र मोठ्या वाहिनीने शहराच्या वेशीपर्यंत पाणी आले म्हणजे ते गल्लीतील शेवटच्या नळाला आले, असे होत नाही. 'शहराला दररोज इतके दशलक्ष लिटर पुरवठा' हा सरासरीचा आकडा सभेत ऐकायला बरा वाटतो, पण चार-पाच दिवसांच्या पाळीची सवय झालेल्या घराला त्याचा उपयोग नाही. त्या घराला हवी असते ती चावीवाल्याची नोंद: व्हॉल्व्ह किती वाजता उघडला, किती वेळ चालू राहिला, पाळी हुकली असल्यास वीज गेल्यामुळे, वाहिनी फुटल्यामुळे की टाकी पुरेशी भरली नव्हती म्हणून. एका भागाची पाळी एक दिवस पुढे गेली की मागच्या सर्व भागांचे वेळापत्रक सरकते. त्यामुळे ही नोंद झोननिहाय आणि महिनावार मांडली गेली पाहिजे. उपसलेले पाणी आणि बिल आकारलेले पाणी यांतील तफावतही त्याच तक्त्यात असावी. आमच्या मते, झोननिहाय आकडे न देणारा कोणताही आढावा नगरसेवकांनी स्वीकारू नये.

प्रश्न : आम्ही हद्दवाढ भागात राहतो. कराचे बिल वेळेवर येते, पण ड्रेनेज अजून आलेले नाही. हे आढाव्यात दिसेल का? – एक वाचक, शेळगी

उत्तर : शहरासाठी एकच बेरीज दिली, तर मुळीच दिसणार नाही. 1992 च्या हद्दवाढीत आसपासची गावे शहरात आली आणि महापालिकेचे क्षेत्र कितीतरी पटींनी वाढले. नळ, गटारी आणि रस्ते मात्र त्या वेगाने पसरले नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 नुसार पाणीपुरवठा, मलनिःसारण, दिवाबत्ती आणि सफाई ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत, तर कलम 66 मधील कामे ऐच्छिक आहेत. त्यामुळे सुशोभीकरणाचा निधी खर्ची पडला आणि ड्रेनेजची तरतूद शिल्लक राहिली, असे आढळल्यास त्यावर बोट ठेवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

त्यासाठी अंदाजपत्रकातील मूळ तरतूद, सुधारित तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन रकाने शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. मार्चअखेरीस मूळ तरतूद मुकाट्याने घटवलेली आढळते ती बहुधा याच रकान्यांत. (भूमिपूजनाच्या कोनशिलेवर ही घट कोणी कोरत नाही.) आपल्या बिलातील शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्य शासनाचे असून महापालिका ते केवळ वसूल करते, म्हणून तेवढी रक्कम वजा करून हिशेब मांडावा.

प्रश्न : सर्वसाधारण सभेत नागरिकाला बोलता येते का? – एक वाचक, भवानी पेठ

उत्तर : बोलता येत नाही. प्रेक्षक म्हणून बसता येते आणि प्रश्न नगरसेवकामार्फत विचारता येतो. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा हाही मार्ग बंद होता. तो जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर खुला झाला. शहराच्या पर्यावरणस्थितीचा अहवाल आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपूर्वी सभेपुढे ठेवायचा असतो. कचरा आणि सांडपाणी यांविषयीचे प्रश्न त्या सुमारास नगरसेवकाकडे द्यावेत.

कागद हवे असल्यास माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये शुल्क आहे आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. अर्जात 'पाणीपुरवठ्याची माहिती द्यावी' असे मोघम लिहू नये. झोन, महिना आणि व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळांची नोंदवही, असा नेमका उल्लेख करावा. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत प्रथम अपील दाखल करता येते.