उत्तरेतला पहिला हिवाळा आणि मिनिटांचा हिशेब

मी समुपदेशक आहे आणि गणपतीचे दिवस जवळ आले की माझ्याकडे एका विशिष्ट प्रकारचे फोन सुरू होतात. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड किंवा कॅनडाच्या उत्तर भागात उन्हाळ्यात राहायला गेलेले मराठी कुटुंब असते, सामान लागलेले असते, मुलांची शाळा सुरू झालेली असते आणि प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत येतो : "हिवाळ्यात तिथे सूर्यच उगवत नाही, मुलांना नैराश्य तर येणार नाही ना?" या प्रश्नाला "नाही येणार" असे उत्तर मी देत नाही, कारण तशी हमी कोणालाच देता येत नाही आणि हमी हवी असणे हेच बहुतेक वेळा त्रासाचे मूळ असते. हे कसे, ते एका कुटुंबाच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नावे टाळली आहेत.

कुटुंब पुण्याचे. पतीला उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या विद्यापीठात संशोधकाची नोकरी मिळाली, पत्नीने बँकेतली नोकरी सोडली आणि सात वर्षांची मुलगी व अडीच वर्षांचा मुलगा यांना घेऊन ते ऑगस्टमध्ये तिथे पोहोचले. ट्रॉम्सो हे शहर ध्रुववृत्ताच्याही बरेच वर, जवळजवळ ७० अंश उत्तर अक्षांशावर आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजावर येत नाही. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसदेखील सुमारे ११ तासांचा असतो. तिथे मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिवस रोज आठ-दहा मिनिटांनी आखडत जातो. बाईंनी याचा हिशेब ठेवला होता. रात्री जेवायला बसले की मोबाइल पाहून त्या "आज नऊ मिनिटे गेली" असे मोठ्याने सांगत, आणि मुलगी उठून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत उणे ९ लिहीत असे. व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला ते कॅलेंडर दाखवले, तेव्हा सप्टेंबरचे अख्खे पान लाल स्केचपेनच्या वजाबाक्यांनी भरलेले होते.

त्यांच्याकडे पाच पानी यादीही होती. लोकरीचे आतले कपडे, ड जीवनसत्त्व, प्रकाशदिवा, बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे, मुलांच्या जॅकेटला लावायच्या चमकत्या पट्ट्या, तिथे १६ ऑक्टोबरपासून वापरता येणारे खिळ्यांचे टायर, आणि शेवटच्या पानावर तूरडाळ, कोकम, मेतकूट. जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण होती. यादी इतकी चोख होती की मी तिच्यात फारशी भर घालू शकले नसते. तरीही बाईंना रात्र-रात्र झोप लागत नव्हती.

पतीचे म्हणणे असे की, "तिथे हजारो लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, सगळे व्यवस्थित होईल." घरोघरचे पुरुष असा धीर देतात आणि तो लागू पडत नाही याचे त्यांना नवल वाटते. काळजी करणाऱ्या माणसाला त्यातून एवढेच ऐकू येते की, आता काळजीचे खाते एकट्या माझ्याकडे आहे.

सुरुवातीच्या काही भेटी थंडीतच गेल्या. हिवाळ्यात उणे ३० अंश असेल, असे बाईंनी धरले होते. प्रत्यक्षात समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे तिथला जानेवारी सरासरीने शून्याखाली तीन-चार अंशांच्या आसपास असतो, हे कळल्यावर त्यांना दोन दिवस बरे वाटले आणि तिसऱ्या दिवशी काळजी दुसऱ्या ओळीवर जाऊन बसली. माहितीने चिंता शमत नसेल, तर चिंता त्या माहितीच्या विषयाची नसते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी थंडी बाजूला ठेवली.

"रोज मिनिटे मोजून तुम्ही नेमके काय पाहता?"

"किती दिवस उरले ते."

"कशाला उरले?"

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "निकालाला."

निघताना त्यांची आई म्हणाली होती, "लेकरांना उन्हातून उचलून अंधारात नेतेस." वर चांगली नोकरी सोडलेली. त्यामुळे येणारा हिवाळा हा बाईंच्या लेखी ऋतू राहिलाच नव्हता. आई म्हणून आपण घेतलेल्या निर्णयाची ती परीक्षा होती आणि पाच पानांची यादी हा तिचा अभ्यास.

मी विचारले, "समजा, डिसेंबरमध्ये मुलगी चिडचिड करू लागली, शाळेत जायला नाही म्हणाली. त्यावरून काय सिद्ध होईल?"

"मी यायला नको होते, हे."

"पुण्यात जुलैमध्ये आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, मुले घरात कोंडून भांडतात. तेव्हा काय सिद्ध व्हायचे?"

"काही नाही हो मॅडम. पाऊस असायचा," असे त्या सहज म्हणाल्या, आणि आपण काय म्हणालो हे लक्षात येऊन हसू लागल्या. त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होते. पती पडद्याच्या कडेला बसून मोबाइल चाळत होते. त्यांनीही मान वर केली.

समुपदेशकाने अशा क्षणी घाई करून समजावायला लागू नये. मी गप्प राहिले आणि पुढचे वाक्य त्यांचे त्यांनीच शोधले : मुलांना त्रास होऊ नये असे मला वाटते, ते ठीकच आहे, पण त्रास होताच कामा नये, झाला तर मी नालायक आई, हे मी माझे मीच जोडले आहे. मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ विचारपद्धती मांडली, तिचा सगळा भर इच्छा आणि हट्टाग्रह यांतल्या या फरकावर आहे. ही पद्धत कोरडी आहे, असे हल्ली म्हटले जाते. त्या दिवशी बाईंचा चेहरा पाहिलेल्या कोणालाही तसे म्हणवले नसते, असे मला नम्रपणे वाटते.

कॅलेंडरवर लिहिणे त्यांनी त्याच आठवड्यात थांबवले. त्याजागी आनंदाची डायरी वगैरे काही सुरू करायला मी सांगितले नाही. मोजणे थांबणे पुरेसे होते. मुलीने दोन दिवस "आज किती गेली?" असे विचारले आणि मग तीही विसरली.

एक काम मात्र मी दिले. तिथल्या गृहसंकुलांत पानगळीच्या दिवसांत सगळे रहिवासी मिळून आवार साफ करतात. त्याची नोटीस जिन्यात लागली होती आणि भाषा येत नाही म्हणून बाईंनी न जाण्याचे ठरवले होते. मी जायला सांगितले. त्या गेल्या, दाताळ्याने पाने ओढली, नंतर सर्वांसोबत वॉफल आणि कॉफी घेतली. खालच्या मजल्यावरच्या आजींनी मोडक्या-तोडक्या इंग्रजीत त्यांना सांगितले की, मुलांचे स्की नवे घेऊ नका, शरद ऋतूत जुन्या सामानाची अदलाबदल होते. आणि शाळेत मुलांना बर्फातही मधल्या सुट्टीत बाहेरच काढतात, तेव्हा हातमोज्यांच्या दोन जोड्या दप्तरात ठेवा. दुसरी जोडी यादीत नव्हती.

कॅरी लायबोविट्झ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ट्रॉम्सोत राहून हिवाळ्याकडे पाहण्याच्या दृष्टीचा अभ्यास केला. दक्षिण नॉर्वे, ट्रॉम्सो आणि त्याहून उत्तरेचे स्वालबार्ड यांची तुलना केली, तेव्हा जितके उत्तरेला जावे तितकी लोकांची हिवाळ्याविषयीची दृष्टी अधिक अनुकूल आढळली. मला हे वाचून समाधान वाटले. परंतु याचा अर्थ विचार बदलला की शरीराला प्रकाश लागत नाही, असा कोणी घेऊ नये. हिवाळ्यातील नैराश्याचे वर्णन मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले आणि असे नैराश्य काहींना खरोखरच येते.

म्हणून या कुटुंबाला सांगितले ते इतरांनाही सांगते. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही बदलू नये. १०,००० लक्सचा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाशदिवा उठल्यावर लवकर, साधारण अर्धा तास वापरावा, संध्याकाळी नव्हे. डोळ्यांच्या पडद्याचा आजार किंवा उन्माद-नैराश्याचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. सावळ्या त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करायला ऊन अधिक लागते, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या मात्रेविषयी तिथल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. भर दुपारी बाहेर पडावेच, कारण ऐन डिसेंबरमध्येही ट्रॉम्सोत सूर्य दुपारी क्षितिजाखाली जेमतेम तीन अंशांवर असतो आणि काही तास निळसर उजेड राहतो. अंगालगत सुती कपडा नको, लोकर हवी. सुती कपडा घामाने भिजतो आणि गारठवतो. सलग दोन आठवडे मन उदास राहिले, कशातच रस उरला नाही, झोप आणि भूक बिघडली, तर तिथल्या नेमून दिलेल्या डॉक्टरांकडे जावे, आणि जगणे नकोसे वाटू लागले तर त्याच दिवशी मदत मागावी. परगावच्या समुपदेशकाचा व्हिडिओ कॉल ही त्यानंतरची गोष्ट आहे.

सकाळी दिवा लावणे आणि मुलांना बाहेरचे कपडे चढवणे पतीकडे गेले. काळजीचे खाते जोडखाते झाले, असे ते स्वतःच म्हणाले. डिसेंबरमध्ये मुलगी खरोखरच दोन आठवडे चिडचिडी होती. बाईंनी मला फोन केला नाही, शाळेतल्या परिचारिकेशी बोलल्या. त्यांची स्वतःची झोप अजून पूर्ण सुधारलेली नाही. परत यायचे की राहायचे, हा निर्णय हिवाळ्यात घ्यायचा नाही, असे आम्ही तिघांनी ठरवले आहे आणि त्यासाठी मे महिन्याच्या अखेरीची वेळ ठेवली आहे. तेव्हा तिथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे त्या भेटीत पहिली तक्रार "मुले रात्री अकराला झोपायला तयार नाहीत" ही असणार, याची मला खात्री आहे.