बोटाला ९८, मग लिव्हरला कमी कसं?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, वडील केळीची शेती करतात, वय ५८, दारूचा थेंब नाही तरी सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर आलं. भाचा म्हणतो अशा लिव्हरला ऑक्सिजन कमी पडतो आणि आता त्याचा फोटोही निघतो. पण घरी कोरोनातलं बोटाचं मशीन आहे ते तर ९८ दाखवतं! हा फोटो जळगावात निघेल का? – एक वाचक, रावेर

उत्तर : भाऊ, मशीनही बरोबर आणि भाचाही. मशीन फक्त धमनीतल्या रक्ताचं सांगतं, पेशीपर्यंत काय पोचलं ते नाही. त्यात लिव्हरला येणारं पाऊणएक रक्त आतड्यांकडून येतं, म्हणजे थोडा ऑक्सिजन आधीच खर्च झालेला, आणि मग ते लिव्हरच्या बारीक बारीक खणांत कडेनं शिरून मधल्या शिरेकडे जातं, वाटेतल्या पेशी आपापला वाटा काढून घेतात. धडधाकट लिव्हरमध्येसुद्धा कडेला ऑक्सिजनचा दाब ६०-६५ मिलिमीटर (पाऱ्याचा) असतो आणि मध्ये जेमतेम ३०-३५. ठिबकच्या नळीवरचं शेवटचं झाड समजा. चरबीनं पेशी फुगल्या की मधल्या बारीक वाटा दबतात आणि पहिला फटका या मधल्यांनाच. (पॅरासिटामॉलचा ओव्हरडोसही इथंच मारतो, पण ते तिथल्या एन्झाइममुळे.)

आता फोटो. तो निघतो, पण उंदराचा. उंदराला इरिडियमसारख्या धातूचं चमकणारं रसायन टोचतात, लिव्हरवर प्रकाशाचा झटका देतात आणि चमक किती मायक्रोसेकंद टिकते ते मोजतात. ऑक्सिजन जास्त तर चमक लवकर विझते, कमी तर रेंगाळते. चमक किती तेज आहे ते बघत नाहीत कारण रसायन कुठं जास्त शिरलं कुठं कमी, त्यानं गफलत होते, मला तर यातली हीच गोष्ट सगळ्यात हुशारीची वाटते. पण प्रकाश फार खोल जात नाही, उंदराचं पोट उघडून वरचा थर बघावा लागतो, म्हणून माणसात हे होत नाही. एमआरआयनं अंदाज घ्यायचे प्रयत्न आहेत, पण लिव्हरमधलं लोह आणि श्वासाची हालचाल आकडे बिघडवतात.

तेव्हा जळगावच काय, मुंबईलाही त्यासाठी जाऊ नका. वडलांचं फायब्रोस्कॅन करा, ते ऑक्सिजन नाही, लिव्हर किती कडक झालं ते सांगतं. सोबत शुगर, एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) आणि प्लेटलेट. वजन जास्त असेल तर सात ते दहा टक्के उतरवलं की सूज बऱ्याच जणांची कमी होते. रिपोर्ट आले की आकड्यांसकट परत लिहा.